कांड्यांची पेटी

बसा. त्या कोपऱ्यातल्या पेटीवर नको, ही इकडची घ्या, हिच्यावर गोधडी घातलेली आहे. दिवे गेलेत ते इतक्यात यायचे नाहीत. इतवारीत राहायला आलात, आता सवय करून घ्या. कंदील मध्ये ठेवते, म्हणजे दोघींना एकमेकींची तोंडं तरी दिसतील.

हसलात ते पाहिलं हं मी. माझ्या खोलीत येणारा प्रत्येक जण आधी पेट्याच पाहतो. संत्र्याच्या दोन पेट्या एकीवर एक उभ्या केल्या की पुस्तकांचं कपाट होतं. एक आडवी टाकून जुन्या लुगड्याचा पडदा लावला की कपड्यांची सोय झाली. एक पालथी घातली की वह्या तपासायला मेज. चुलीशी चहासाखरेची एक, कोळशाची एक, आणि मोडली की तिच्याच फळ्या चूल पेटवायला. शाळेतल्या पोरी मागून मला पेटीबाई म्हणतात. म्हणू देत. त्यांच्या आयांच्या कपाटांना कुलपं असतात, माझ्या कपाटांना फटी आहेत. वारा खेळतो, कसर लागत नाही.

पण त्या कोपऱ्यातल्या पेटीवर मी कुणाला बसू देत नाही. का, ते तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. दिवे येईपर्यंत दुसरं करायचं तरी काय!

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मला इथल्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली. आम्ही मूळचे उमरेडचे, विणकराचं घर. नवरा लग्नानंतर लवकरच गेला, मूलबाळ नाही, म्हणून वडिलांनी मला शिकवलं. धाकटा भाऊ रूपराव तेव्हाही इथेच, खालच्या मजल्यावर बिऱ्हाड करून होता, भांड्यांच्या दुकानात कामाला. पण मी मुद्दाम त्याच्याकडे राहिले नाही. भावजयीच्या तालावर नाचण्यापेक्षा एकटं राहिलेलं बरं, असा तेव्हा माझा तोरा होता. एकटं राहणं म्हणजे काय असतं ते ठाऊक नव्हतं.

सक्करदऱ्याला तलावाच्या अंगाला एक घर भाड्याने मिळालं. सामान काहीच नव्हतं, म्हणून एका रविवारी इतवारीत आले आणि संत्र्याच्या रिकाम्या पेट्या घेतल्या. एकीवर काळ्या रंगात कलकत्ता लिहिलेलं होतं. कलकत्त्याला जायची ती बिचारी माझ्या चुलीशी येऊन बसली. हातगाडीवर पेट्या घालून नेल्या, मांडल्या, आणि संध्याकाळी त्या मांडणीकडे बघत एकटीच जेवले.

मालक बाबनराव. त्यांनी मातीच्या जाड भिंतींचं एक घर मधून तोडून त्याची दोन बिऱ्हाडं केली होती. माझं दार तलावाकडे, पलीकडच्या बिऱ्हाडाचं मागच्या गल्लीत. शेजारणीकडे जायचं तर अख्ख्या घराला वळसा घालावा लागे. पण मधल्या भिंतीत एक आरपार कोनाडा होता, दोन्ही अंगांनी लाकडी झडप बसवलेला. आपली झडप उघडली तर आत हातभर काळोख, आणि पलीकडे तिची झडप.

पहिल्याच दुपारी त्या झडपेवर दोनदा बोटं वाजली. टक, टक. मी उघडली. पलीकडून एक म्हातारा, सुरकुतलेला हात आत आला, त्यात एक पेटी होती.

"नवी आली का वं? जेवली का?"

ती रुख्माबाई. नवरा विणकर होता, तो कधीच वारला. मुलगा जागेश्वर परगावी गिरणीत. माग घरात तसाच पडून होता आणि ही दिवसभर चरख्यावर कांड्या भरून देई. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात घालतात ती सुताची गुंडाळी, तुम्हाला ठाऊक नसेल. मला त्या चरख्याची घरघर लहानपणापासूनची. भिंतीपलीकडून ती ऐकू आली की माझे डोळे मिटायचे.

पेटी सागवानी होती, वीतभर लांब, सरकत्या झाकणाची. तिच्या नवऱ्याने कांड्या ठेवायला केलेली. हाताच्या तेलाने काळी कुळकुळीत झाली होती. त्या दिवशी तिच्यात तिळाची चटणी होती. मी ती काढून घेतली, पेटी पुसली आणि परत द्यायला झडप उघडली, तर आतून आवाज आला.

"रिकामी नको देऊ वं मास्तरीन. चार दाणे टाक."

आता हे काही तिने मला शिकवायला नको होतं. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे आपल्याकडे पोरीबाळींनाही ठाऊक. मी गुळाचा खडा टाकला. दुसऱ्या दिवशी पेटी आली, तिच्यात भाजलेले चिंचोके. मी फुटाणे पाठवले, तिकडून बोरं आली. असं ते सुरू झालं आणि वर्षं गेली तरी थांबलं नाही. आम्ही एकमेकींच्या घरी फारशा गेलो नाही; जे काय होतं ते त्या कोनाड्यातून. शाळेतून आले की टक टक व्हायची, आणि एकच प्रश्न यायचा, जेवली का वं. मला सख्ख्या माणसांनी इतक्यांदा विचारलं नसेल.

एका चैत्रात रुख्माबाईला ताप आला आणि त्यातच ती गेली. जागेश्वर आला, सगळं रीतीप्रमाणे केलं. ती गेली त्या जागी पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला आणि टोपली झाकली. सकाळी पिठात काही उमटलं का ते पाहतात ना, तसं पाहिलं. काही उमटलं नव्हतं. दिवसकार्य झाल्यावर जागेश्वरने माग खोलून लाकूड गाडीत घातलं, चरखाही नेला, दाराला कुलूप ठोकलं आणि गेला.

पेटी माझ्याकडे राहिली होती. तिच्यात रुख्माबाईने पाठवलेली शेवटची जवसाची चटणी होती. ती मी चिमूट चिमूट करून पुरवली. संपली त्या दिवशी पेटी पुसली आणि बराच वेळ मांडीवर घेऊन बसले. जागेश्वरला विचारलं होतं, तो म्हणाला, तुमच्यापाशीच राहू द्या. म्हणजे पेटी आता माझीच होती. पण हाताला सवय होती. हातानेच मूठभर फुटाणे टाकले, झाकण सरकवलं, पेटी कोनाड्यात ठेवली आणि झडपेवर दोनदा बोटं वाजवली. मग ध्यानात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली. पण पेटी परत काढून घ्यावीशी काही वाटेना. राहू दे, म्हटलं.

मग शाळेला सुट्टी लागली.

नागपूरच्या वैशाखातली दुपार तुम्ही अजून पाहिलेली नाही. रात्रीला लोक उगाच भितात. रात्री कुत्री भुंकतात, कुणी खोकतं, कुठे भजन चालतं. वैशाखातल्या दुपारी काहीसुद्धा नसतं. लू सुटलेली, दारंखिडक्या बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी दाराला ओलं लुगडं टांगून आत अंधार करून पडत असे. ओल्या मातीच्या भिंतीचा वास, मधूनच पेट्यांच्या लाकडाचा जुना संत्र्याचा वास. सकाळी जनाबाई भांडी घासून गेली की संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नसे. कधीकधी मुद्दाम मोठ्याने पाढे म्हणून बघायची, आवाज शाबूत आहे का म्हणून.

अशाच एका दुपारी चरख्याची घरघर ऐकू आली.

मी अर्धवट झोपेत होते. मला ती इतकी ओळखीची, की मी कूस बदलली आणि पुन्हा डोळे मिटले. मग आठवलं, चरखा जागेश्वरने नेला आहे. मी डोळे उघडून पडून राहिले. घरघर थांबली. आणि झडपेवर वाजलं... टक, टक.

तुम्हाला खोटं वाटेल, पण मला आधी भीती वाटलीच नाही. आधी आनंद झाला. कुणीतरी माझ्या भिंतीवर बोटं वाजवली होती. भीती नंतर आली, झडपेच्या कडीला हात लावल्यावर.

आत पेटी होती. झाकण सरकवलं. फुटाणे नव्हते. मूठभर पीठ होतं, ज्वारीचं, आणि त्या पिठात एक जळका काळा तुकडा. मी तो बोटांनी उचलून उजेडात नेला. दिव्याच्या वातीचं टोक होतं.

कुठलं पीठ ते सांगायला नको. तिच्या त्या बंद खोलीत दुसरं होतंच काय? सगळं तर मुलगा घेऊन गेला होता.

आता शहाण्या बाईने काय करावं? झडपेला खिळे ठोकावेत. मी काय केलं, तर पेटी पुसली आणि गुळाचा खडा टाकून परत ठेवली. नाही ठेवली तर काय होईल याची धास्ती होती, हे खरं. पण तिने पाठवलं आणि मी हात आखडला, हेही मला बरं वाटेना.

पुढच्या खेपेला एक कांडी आली. पांढऱ्या सुताची, अर्धवट भरलेली, शेवटचं टोक सोडून दिलेलं. त्यानंतर केसांचं गुंतवळ आलं. बायका विंचरल्यावर गळालेले केस गुंडाळून भिंतीच्या फटीत खोचून ठेवतात ना, तसं. पांढऱ्या केसांचं, खोबरेल तेलाचा वास येणारं. मी ते हातात घेऊन बसले आणि मला रडू फुटलं. पाठवायला तिच्यापाशी काही उरलं नव्हतं. भिंतीच्या फटी धुंडून ती मला देत होती, कारण पेटी रिकामी द्यायची नाही.

त्या रात्रीपासून झोप उडाली. दुपार जवळ आली की मी झडपेकडे पाठ करून बसू लागले. शेवटी एका सकाळी जनाबाईला सगळं सांगून टाकलं. ती राख माखलेले हात तसेच धरून ऐकत राहिली.

"मेलेल्याची वस्तू रिकामीच ठेवा लागते बाई," ती हळूच म्हणाली. "तुम्ही भरून देल्ली. म्हंजे तिले परत ये म्हटल्यासारखंच झालं ना."

मग उपाय काय, ते तिनेच सांगितलं. एकदा पेटी रिकामी परत करायची आणि त्याच दिवशी घर सोडायचं. देणंघेणं तिथेच मिटतं. दुसऱ्या दिवशी जनाबाई कामालाच आली नाही. मी रूपरावला निरोप धाडला की मला घेऊन जा. तोरा गेला चुलीत; मला माणसांत जायचं होतं.

निघायच्या दिवशी सकाळीच सगळं सामान पेट्यांत भरून त्या दोरीने बांधून ओसरीवर लावल्या. हातगाडी घेऊन रूपराव उन्हं उतरल्यावर येणार होता. खोली उघडी बोडकी झाली होती, पाऊल टाकलं तरी घुमत होतं. चूल विझवलेली, घरात दाणा नाही. हातात फक्त दाराच्या कुलपाची किल्ली होती. दुपार झाली. पलीकडे घरघर सुरू झाली. मी पेटी रिकामी असल्याचं बोटाने चाचपून पाहिलं, कोनाड्यात ठेवली, झडप लावली आणि बोटं वाजवली.

घरघर थांबली.

पलीकडची झडप कुरकुरली. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. झाकण सरकल्याचा आवाज आला, सर्रर्र... मग खरखर सुरू झाली, नखांची. पेटीच्या तळाशी, एका कोपऱ्यात, मग दुसऱ्या कोपऱ्यात. झाकण लागलं. पुन्हा उघडलं. पुन्हा खरखर. चष्मा नसलेलं म्हातारं माणूस डब्यात तळाशी काही उरलंय का ते बघतं, तसं.

मला वाटलं होतं ती रागावेल. रागावली असती तर मी सुटले असते.

"मास्तरीन..." आवाज अगदी जवळून आला, झडपेच्या फटीतून. "तुह्यापाशीच काई नाई का वं आज?"

मी तोंडावर पदर दाबला.

"उपाशी हायेस का... जेवली नाई का वं?"

मला नाही राहवलं. मी वळून झडप उघडली. आत काळोख, आणि पेटी माझ्या अंगाला सरकवून ठेवलेली, झाकण उघडं. पलीकडची झडपही उघडी होती, पण तिकडे काही दिसत नव्हतं. खोबरेल तेलाचा वास मात्र आला. देण्यासारखं माझ्यापाशी काहीच नव्हतं. जे हातात होतं ते मी टाकलं. घराची किल्ली. झाकण सरकवलं, पेटी पुढे ढकलली. ती मी ढकलली त्याहून पुढे गेली. पलीकडून कुणीतरी ओढून घेतली, हळूच. मला ती ओढ बोटांना कळली.

पेटीत किल्ली खुळखुळली, कुणी कानाशी धरून हलवावी तशी. मग पलीकडची झडप लागली. त्यानंतर काही ऐकू आलं नाही.

रूपराव आला, पेट्या हातगाडीवर चढवल्या आणि किल्ली मागितली. मी म्हटलं, हरवली. "तू बी ना, ताई," एवढंच म्हणून त्याने दाराची नुसती कडी लावली आणि आम्ही निघालो. मी मागे वळून पाहिलं नाही.

तेव्हापासून या खोलीत आहे. खाली दिवसभर भांड्यांचे ठोके, हमालांचा ओरडा, गल्लीत माणसाला माणूस घासतं. भाऊ वाईट नाही. भावजयही वाईट नाही, वेळेवर ताट झाकून वर पाठवते. पण ताट आलं म्हणजे मी जेवले, असं सगळे धरूनच चालतात. विचारत कुणी नाही. सुरुवातीला दुपार झाली की मी कान झाकून बसायची. नंतर भीती ओसरली. आणि त्याच्याही नंतर, आता तुमच्यापाशी काय लपवायचं, मी वाट पाहायला लागले. पेटी तिच्याकडे होती. पाठवायची पाळी तिची होती.

मागच्या हिवाळ्यात बाबनरावांनी ते घर पाडलं. रूपराव सांगत आला, आता तिथे नुसतं मातीच्या ढेकळांचं मैदान आहे. मी बरं म्हटलं आणि वह्या तपासत बसले. त्या दिवशी सगळ्या पोरींना मी उगाच कमी मार्क दिले.

या वैशाखात खालची सगळी मंडळी काटोलला लग्नाला गेली होती. दुकानं बंद, गल्ली ओस. मी दाराला ओलं लुगडं टांगून पडले होते. तेवढ्यात वाजलं. टक, टक. भिंतीवर नाही. ही पडद्याची पेटी आहे ना, कपड्यांची, तिच्या मागच्या फळीवर, आतून.

मी पडदा सारला. लुगड्यांच्या घडीवर ती होती. तशीच काळी, सरकत्या झाकणाची. मी झाकण सरकवलं. माझी किल्ली नव्हती. दुसरी होती, लांब दांड्याची, जुन्या कुलपाची, तिच्या गळ्याशी पांढरं सूत कांडी भरावी तसं नीट गुंडाळलेलं. ही किल्ली मी ओळखते. रुख्माबाईच्या कमरेला असायची. तिच्या दाराची. ते दार आता कुठेही नाही.

ते बघा, दिवे आले. तुमच्या पायाशी कंदील आहे, जपून उठा. त्या कोपऱ्यातल्या पेटीत तीच कांड्यांची पेटी ठेवली आहे मी, म्हणून तिच्यावर कुणाला बसू देत नाही. आता पाळी माझी आहे आणि रिकामी तर पाठवता येत नाही. फुटाणे आणून ठेवलेत, गूळही आहे. पण तिने आपल्या घराची किल्ली दिली आणि मी फुटाणे पाठवायचे, हे काही बरं दिसत नाही. रोज दुपारी एकदा झाकण सरकवून ती किल्ली हातात घेते आणि काय द्यावं याचा विचार करते.

किल्ली अजून कोमटच आहे, नुकतीच कुणी कमरेची सोडून दिल्यासारखी.